चंद्रप्रभाबाईंचा ओटीपी

करोल बागेतल्या सराफाच्या दुकानात चंद्रप्रभाबाईंचा डावा हात मनगटापर्यंत साबणाच्या फेसात होता. लग्नातली बांगडी हातातून निघायला तयार नव्हती आणि दुकानातला म्हातारा कारागीर ती अंगठ्याच्या हाडावरून हलकेच सरकवत होता. नेमका तेव्हाच पर्समधला फोन वाजला. बंद झाला. पुन्हा वाजला.

"घ्या हो तो," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "दुसरं कोण असणार आहे?"

सुधाकररावांनी फोन कानाला लावला आणि लगेच दूर धरला. "तुझा अनुराग. ओटीपी मागतोय."

"मेसेज आला असेल. वाचून दाखवा त्याला."

"चष्मा घरी राहिलाय." तरी त्यांनी फोन नाकाजवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ आणला. "आठ... का तीन आहे हे?"

अर्धीअधिक निघालेली बांगडी तशीच परत मागे सरकली. चंद्रप्रभाबाईंनी ओला हात पदराला पुसला, फोन हिसकावला आणि भर दुकानात सगळे आकडे मोठ्याने, एकेक करून सांगितले. शेजारी मंगळसूत्र बघायला बसलेल्या बाईंनाही ते पाठ झाले असतील. पलीकडून आवाज आला, "हो गया मॅडम जी. क्या करें, यहाँ लाइन लगी हुई है."

बाईंना निवृत्त होऊन दिवाळी उलटून गेली होती, होळीही गेली होती. निरोपाच्या दिवशी शाल मिळाली, नारळ मिळाला, भिंतीवरचं घड्याळ मिळालं. पण फरीदाबादच्या पलीकडच्या कलवाखेडी नगरपरिषदेचं जन्म-मृत्यू नोंदणीचं सगळं काम अजून त्यांच्याच मोबाइलवरून चालत होतं.

चंद्रप्रभा गुळवणी मूळच्या सांगलीच्या. लग्न करून दिल्लीत आल्या तेव्हा सुधाकररावांना लक्ष्मीबाई नगरात सरकारी क्वार्टर मिळालं होतं. वर तमिळ, खाली बंगाली, समोर नागपूरचे, त्यामुळे हिंदी आपोआप आली. पुढे सुधाकररावांची बदली फरीदाबादच्या केंद्रीय कार्यालयात झाली, तिथेच फ्लॅट घेतला. मुलगी पूर्वी शाळेत जायला लागल्यावर बाईंनी कलवाखेडीच्या नगरपरिषदेत टायपिस्टची जागा धरली. तिथे त्यांचं लांबलचक नाव कुणाच्या तोंडात बसलं नाही. त्या सगळ्यांच्या 'चंदर मॅडम' झाल्या, आणि निवृत्त होईपर्यंत तशाच राहिल्या.

सगळा घोळ झाला तो नोंदणी ऑनलाइन झाली तेव्हा. पोर्टलवर कार्यालयाचं एक लॉगिन उघडायचं होतं आणि त्याला जबाबदार अधिकाऱ्याचा मोबाइल नंबर जोडायचा होता. जबाबदार अधिकारी म्हणजे कार्यकारी अधिकारी बत्रा साहेब. ते म्हणाले, "मैं तो दिनभर मीटिंग में रहता हूँ. चंदर मॅडम, अपना ही डाल दो." बाईंनी टाकला. त्यात काही चुकतंय असं तेव्हा कुणालाच वाटलं नाही, बाईंनाही नाही.

पासवर्ड आधी 'admin123' होता. मग वरून परिपत्रक आलं की पासवर्ड मजबूत हवा, मोठं अक्षर हवं, चिन्ह हवं. तेव्हा सगळ्यांनी मिळून 'Chandra@123' असा मजबूत पासवर्ड केला. कुणी विसरू नये म्हणून कॉम्प्युटरच्या डब्यावर मार्करने लिहून ठेवला. घरपट्टीवाल्यांनी तोच घेतला, पाणीपट्टीवाल्यांनीही तोच घेतला. कार्यालयाच्या वायफायचाही तोच ठेवला, कारण बत्रा साहेबांच्या मते वेगवेगळे पासवर्ड ठेवले तर गोंधळ होतो. चहावाला कप ठेवता ठेवता वायफाय जोडून क्रिकेटचा स्कोअर बघायचा. बाईंना आपलं नाव असं भिंतीभिंतीवर लिहिलेलं बघून सुरुवातीला थोडी गंमतही वाटली होती.

गंमत निवृत्तीनंतर संपली. त्यांच्या जागी कंत्राटावर अनुराग आला. पोरगा वाईट नव्हता. पण रोज सकाळी कार्यालय उघडलं की त्याचा फोन यायचा. पोर्टल मध्येच बंद पडलं की पुन्हा यायचा. जेवणानंतर पुन्हा. बाई दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडं टाकून पडल्या असोत नाहीतर कुणाच्या तेराव्याला बसल्या असोत, आकडे सांगावेच लागत.

"आई, ब्लॉक कर ना यार त्याला," पूर्वी म्हणायची. ती गुडगावच्या एका कंपनीत होती आणि येत्या हिवाळ्यात तिचं लग्न होतं.

"अगं, खिडकीवर लोक उभे असतात. त्यांनी काय केलंय?"

सुधाकररावांचा उपाय ठरलेला. "अर्ज दे. पोच घे." बाईंनी नंबर बदलण्यासाठी अर्ज दिला. पोच घेतली. मग स्मरणपत्र दिलं, त्याचीही पोच घेतली. उत्तर आलं नाही म्हणून एक दिवस स्वतः जाऊन बत्रा साहेबांना भेटल्या.

"हो जाएगा मॅडम," साहेब म्हणाले. "पण नंबर बदलायला जिल्ह्याकडून मंजुरी लागते. जिल्ह्यातले ते साहेब बदलून गेलेत. नवीन आले की करू."

"नवीन कधी येणार?"

"ये तो ऊपरवाला जाने." आणि त्यांनी बाईंसाठी चहा मागवला.

चहा पिऊन बाई घरी आल्या. कॉलनीच्या फाटकाशी पोचतात तोच फोन वाजला.

हे असंच चाललं असतं. पण रविवारीही ओटीपी यायला लागला. पहिल्यांदा आला तेव्हा बाई महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात होत्या. पाठोपाठ फोन आला, आवाज अनोळखी. "आंटी जी, अनुराग भैया बिज़ी हैं, मुझे बोला नंबर पूछ लो." स्टेजवर कुणीतरी तबला जुळवत होतं, शेजारच्या बायका वळून बघत होत्या. बाईंनी घाईघाईत आकडे सांगून टाकले. पुढच्या रविवारी पुन्हा तेच झालं. त्याच्या पुढच्याही.

एका सोमवारी सकाळी अनुरागचा नेहमीचा फोन आला तेव्हा बाई सहज म्हणाल्या, "काय रे, आजकल संडे को भी काम करवाते हैं तुमसे?"

"संडे?" तो हसला. "संडे को तो मैं अपने गाँव में रहता हूँ मॅडम. ऑफिस में ताला होता है."

बाईंच्या हातातली वाटी तशीच राहिली. त्यांनी त्या सकाळचा ओटीपी सांगितला खरा, पण फोन ठेवल्यावर साडी बदलली आणि सुधाकररावांनी "कुठे निघालीस?" विचारायच्या आत ऑटोत बसल्या.

कार्यालयासमोर रस्त्याच्या पलीकडे द्वारकाचं झेरॉक्सचं दुकान होतं. फोटो, लॅमिनेशन, सगळ्या प्रकारचे ऑनलाइन अर्ज. बाई त्याला वर्षानुवर्षं ओळखत होत्या, लेकीच्या शाळेच्या सगळ्या झेरॉक्स तिथेच काढल्या होत्या. ऑटोतून उतरून रस्ता ओलांडताना त्यांचं लक्ष सहज दुकानात गेलं आणि त्या थबकल्या. द्वारकाच्या स्क्रीनवर नोंदणीचं पोर्टल उघडं होतं. लोकांसाठी असतं ते नव्हे, आतलं. नोंद दुरुस्त करायचं बटण ज्यात असतं ते. वर कोपऱ्यात कलवाखेडी नगरपरिषदेचं नाव.

"द्वारका, हे काय?"

"अरे चंदर मॅडम! आइए, बैठिए." तो जराही दचकला नाही. "अनुराग अकेला है ना. भीड़ हो जाती है तो मैं थोड़ा हाथ बँटा देता हूँ. पब्लिक की सेवा है."

"तुझ्या दुकानातून? हे उघडतं कसं?"

"पासवर्ड तो डब्बे पर लिखा है, और आपके ऑफिस का वाईफाई भी यहाँ तक आता है," तो कौतुकाने म्हणाला. "बड़ा तगड़ा सिग्नल है."

"आणि रविवारी? रविवारीही सेवाच करतोस?"

आता मात्र तो गल्ल्यावरची धूळ पुसायला लागला. "आंटी जी, दुकान के लड़के को आपने ही तो नंबर बताया था."

ते वाक्य बाईंना कानाखाली बसल्यासारखं लागलं. खोटं नव्हतंच ते. त्या तडक बत्रा साहेबांच्या खोलीत गेल्या आणि बसायच्या आधीच बोलू लागल्या. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मान हलवली, पेन बाजूला ठेवलं.

"गंभीर बात है," ते म्हणाले. "आप लिखकर दे दीजिए."

"लिहून? मी आधीच दोनदा लिहून दिलंय!"

"वो नंबर बदलने का था. ये अलग मॅटर है."

"निदान आज पासवर्ड तरी बदला. आत्ता, माझ्यासमोर."

"मॅडम, पासवर्ड बदला तो घरपट्टी, पानीपट्टी, सब में बदलना पड़ेगा. मार्च क्लोज़िंग अभी निपटी है, स्टाफ थका हुआ है." मग आवाज खाली आणून, समजूत घालत म्हणाले, "आप रिटायर हो गई हैं. आराम कीजिए. इतना टेंशन क्यों लेती हैं?"

ऑटोतून परत येताना बाईंचं डोकं भणभणत होतं. आराम करायचा! सगळ्या गावाची जनन-मरणाची नोंद आपल्या नावाने उघडते आणि आपल्याच फोनने खुली होते. उद्या काही निघालं तर थेट आपलंच नाव निघेल. बत्रा साहेब तेव्हाही मीटिंगमध्येच असतील.

संध्याकाळी पूर्वी ऑफिसातून आली तेव्हा आई जेवणाच्या टेबलाशी तिचा जुना लॅपटॉप उघडून बसली होती.

"तुमच्याकडे म्हणे चुकीचा पासवर्ड टाकत राहिलं की सगळं बंद पडतं?"

"हो, लॉक होतं अकाउंट. तीन वेळा चुकला की बस. का गं?"

"मग हे का होत नाही? केव्हाची टाकतेय."

पूर्वीने वाकून बघितलं. आईने पोर्टलवर जाऊन पासवर्डच्या जागी 'बत्रा', 'द्वारका', 'मूर्ख' असं काय काय लिहून पाहिलं होतं. दर वेळी पोर्टल नम्रपणे 'कृपया पुन्हा प्रयत्न करा' म्हणत होतं. पूर्वीने स्वतः भराभरा आणखी काही उलटसुलट टाकून बघितलं. काही झालं नाही. "ओ माय गॉड," ती म्हणाली. "हे लॉकच होत नाही. कुणीही बसून रात्रंदिवस ट्राय करू शकतो."

"कुणाला करायची गरजच नाही, डब्यावर लिहिलेला आहे," बाई म्हणाल्या. "मग मी आता खरा पासवर्ड टाकून आत जाते आणि तो बदलून टाकते."

"आई, थांब. तू रिटायर्ड आहेस. हे टेक्निकली तू दुसऱ्याच्या सिस्टिममध्ये घुसणं झालं. लफडं होईल."

"आणि रोज सकाळी मी आकडे सांगते तेव्हा काय होतं? तेव्हा मी घुसत नाही?"

सुधाकरराव वर्तमानपत्रामागून म्हणाले, "आधी एक अर्ज—"

"अर्जाचं नाव काढू नका," बाई म्हणाल्या.

त्यांनी पासवर्ड टाकला. टेबलावरच्या त्यांच्याच फोनवर ओटीपी आला. या वेळी तो त्यांनी कुणाला सांगितला नाही. नवा पासवर्ड त्यांनी असा केला की त्यात आजोळच्या विहिरीवरच्या झाडाचं नाव होतं, एका जुन्या मांजरीचं होतं, आणि मध्ये मध्ये अशी चिन्हं होती जी त्यांनी तोवर कधी वापरलीही नव्हती. पूर्वी बघायला आली तर हात आडवा धरला. "तूसुद्धा बघायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी अनुरागचा फोन नेहमीच्या वेळेला आला, पण आवाज रडवेला होता. "मॅडम जी, पासवर्ड ग़लत बता रहा है."

"मैंने बदल दिया."

"तो नया वाला बता दीजिए ना."

"नहीं. साहेबांना सांग, तुझ्या नावाचं वेगळं लॉगिन काढा, तुझा नंबर जोडा. मग तुला माझी गरजच उरणार नाही."

त्याने साहेबांना सांगितलं. साहेबांनी फोन केला नाही, शिपायाकडून करवला. मग हेडक्लार्ककडून. मग घरपट्टीच्या बाईंकडून, ज्या चंद्रप्रभाबाईंच्या जिवलग होत्या आणि म्हणत होत्या, "क्यों बुढ़ापे में पंगा ले रही हो, चंदर?" बाई सगळ्यांना एकच उत्तर देत राहिल्या. भाजी निवडता निवडता त्यांना वाटलं, आपण हे आधीच का केलं नाही!

दुपारी अनुरागने फोन दुसऱ्याच कुणाच्या हातात दिला. एक माणूस बोलत होता, दबक्या आवाजात. त्याचे वडील गेले होते. भाऊ परदेशातून आला होता, दोन दिवसांत परत जाणार होता; तो गेल्यावर बँकेची कामं अडून बसणार होती. दाखला तयार होता, फक्त शेवटचं बटण दाबायचं राहिलं होतं. "बहन जी, मैं सुबह से खड़ा हूँ," तो म्हणाला. तक्रार नव्हती त्यात.

बाईंनी भाजीचं ताट बाजूला सारलं. त्यांना स्वतःचाच राग आला, मग बत्राचा आला, मग त्या पोर्टलचा. साहेबांशी भांडताना मध्ये हा माणूस सापडला होता. त्या उठल्या आणि कलवाखेडीला गेल्या. अनुरागच्या खुर्चीत बसल्या, कीबोर्डवर पदर धरून पासवर्ड टाकला, त्या माणसाचा दाखला काढून त्याच्या हातात दिला आणि लॉगआउट करून तिथेच बसून राहिल्या. खिडकीवर आणखी माणसं होती. प्रत्येकाचं काम त्या करत होत्या आणि प्रत्येकाला सांगत होत्या, "हे माझं काम नाही. मी रिटायर झालेय. आत साहेब आहेत, त्यांना विचारा की इथे माणूस का नाही."

लोक विचारायला गेले. थोड्या वेळाने बत्रा साहेबच बाहेर आले.

"ये क्या तमाशा लगा रखा है, चंदर मॅडम?"

"तमाशा नाही साहेब. नोकरी करतेय. तुम्ही सोडवत नाही ना मला."

रांगेतलं कुणीतरी हसलं. कुणीतरी मोबाइल वर धरून व्हिडिओ काढायला लागलं. साहेबांनी ते पाहिलं, आत गेले, आणि दार लावून जिल्ह्याच्या ठिकाणी फोन केला. नवीन साहेब येऊन कधीच बसले होते. नवं लॉगिन उघडायचा अर्ज पोर्टलवरच होता, डावीकडे वर, सगळ्यांना दिसेल असा. चहा गार व्हायच्या आत अनुरागच्या नावाने वेगळं लॉगिन उघडलं, त्याला त्याचा स्वतःचा नंबर जोडला, आणि चंद्रप्रभाबाईंचं जुनं लॉगिन कायमचं बंद झालं.

बाई स्क्रीनकडे बघतच राहिल्या. एवढ्यासाठी! एवढ्याशा कामासाठी दिवाळीपासून त्यांनी दाताच्या डॉक्टरकडे, लग्नात, तेराव्यात, देवळात आकडे वाचले होते. त्यांना आनंद व्हायला हवा होता. त्यांना फक्त ओरडावंसं वाटलं.

आठवडाभर शांतता होती. मग रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस आली. सुधाकररावांनी चष्मा लावून ती सावकाश वाचली आणि म्हणाले, "तुलाच आलीय."

जुनं लॉगिन बंद करताना जिल्ह्यातल्या लोकांनी त्यातल्या नोंदी तपासल्या होत्या. रविवारी केलेल्या जन्मतारखेच्या दुरुस्त्या सापडल्या. सगळ्या लहान मुलांच्या, आणि सगळ्यांत तारीख एप्रिलमधून मागे ओढून मार्चमध्ये आणलेली. शाळांच्या नर्सरीत प्रवेशासाठी मार्चअखेरीची अट असते. मूल चारदोन दिवसांनी लहान ठरलं की वर्ष जातं. द्वारका हे वर्ष वाचवून देत होता. पण नोटिशीत त्याबद्दल एकच ओळ होती. बाकी सगळं पान निवृत्त कर्मचाऱ्याने अनधिकृतपणे शासकीय प्रणालीचा पासवर्ड बदलून कामकाज ठप्प केल्याबद्दल होतं.

"वर्षानुवर्षं तो पासवर्ड डब्यावर लिहिलेला होता," बाई म्हणाल्या. "एकाला नोटीस गेली? एकाला? मी तो नीट केला तर मला!" आवाज इतका चढला की खालच्या मजल्यावरच्या बाई वर विचारायला आल्या.

जिल्ह्याच्या कार्यालयात सुनावणी झाली. समोरच्या अधिकारी बाई तरुण होत्या, त्यांच्यापुढे फायलींचा ढीग होता आणि त्या कंटाळलेल्या दिसत होत्या. बाईंनी आपले दोन्ही अर्ज आणि पोच ठेवली. सुधाकरराव बाकावर ताठ बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा सल्ला उपयोगी पडत होता. अधिकारी बाईंनी सगळं चाळलं.

"आपने रविवार को ओटीपी दिया?"

"दिला. चुकले. कोण बोलतंय हे विचारलं नाही."

"और पासवर्ड क्यों बदला?"

"कुणीच बदलत नव्हतं म्हणून."

अधिकारी बाईंनी पेन उचललं. "नया वाला क्या रखा था?"

चंद्रप्रभाबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. "मॅडम, ते लॉगिन आता बंद आहे. तरीही मी सांगणार नाही. आणि तुम्ही विचारूही नये."

क्षणभर अधिकारी बाईंच्या कपाळावर आठी आली, मग त्या लाजल्यासारख्या हसल्या आणि तो प्रश्न खोडून टाकला. निकाल महिन्याभराने आला. बाईंना लेखी समज, पुढे असं करू नये म्हणून. जणू त्या पुन्हा निवृत्त होणार होत्या. द्वारकावर गुन्हा नोंदला गेला, दुकानाला सील लागलं. त्याच्या भाच्याने दोन गाळे सोडून दुसरं उघडलं. बत्रा साहेबांची बदली झाली, मोठ्या नगरपालिकेत, आणि सगळे तिला बढतीच म्हणत होते.

रद्द झालेल्या दुरुस्त्यांत एक बाईंच्याच सोसायटीतली होती. रेवती पुण्याची, नोएडात एका आयटी कंपनीत. तिचा मुलगा यतीन कलवाखेडीच्या रुग्णालयात जन्मला होता. सणावाराला ती बाईंकडून पुरणपोळ्या घेऊन जायची. ती एका संध्याकाळी दार वाजवून आली, आत बसली नाही.

"काकू, शाळेतून पत्र आलं. खरी तारीख लावलीय. पुढच्या वर्षी पुन्हा नर्सरीत बसवा म्हणाले. त्याचे सगळे मित्र पुढे जाणार."

"रेवती, मला माहीत नव्हतं की तू—"

"तुम्ही पासवर्डच्या मागे लागला नसतात तर कुणाला कळलं असतं? पाच दिवसांचा फरक होता, काकू. पाच दिवस!"

बाईंच्या ओठावर बरंच काही आलं. त्या एवढंच म्हणाल्या, "आकडे मीच सांगितले होते गं. तुझ्या कामाचेही." रेवती तशीच जिना उतरून गेली. पुढे कितीतरी दिवस ती लिफ्टमध्ये भेटली की फोनमध्ये बघायची.

मग शाळा पुन्हा सुरू झाली. बाई सकाळी फिरून येत होत्या, फाटकाशी रेवती यतीनला बसमध्ये चढवून उभी होती. बस गेली तरी ती हलली नाही.

"काकू, एक विचारू?" ती म्हणाली. आवाज वेगळा होता. "काल बँकेतून फोन आला. माझ्या नावाने कुणीतरी कर्जासाठी अर्ज केलाय. मी केलेला नाही."

"कागद कुणाला दिले होतेस?"

"द्वारकाला. आधार, पॅन, नवऱ्याचं पॅन, लग्नाचा दाखला. सगळ्याच्या फाइल व्हॉट्सॲपवर पाठवल्या त्याला." ती कोरडं हसली. "ऑफिसात दर सहा महिन्यांनी सायबर सिक्युरिटीचं ट्रेनिंग असतं मला. शंभरपैकी शंभर मार्क पडतात."

चंद्रप्रभाबाईंना तिला झापावंसं वाटलं. त्यांच्या तोंडात सगळं तयारही होतं, अगदी पहिल्या परिपत्रकापासून. पण पोरीचा चेहरा बघून त्यांनी ते गिळलं. द्वारकाच्या दुकानातला तो कॉम्प्युटर सध्या कुठे असेल, पोलिसांकडे, भाच्याकडे की भंगारात, हे कलवाखेडीत कुणालाही सांगता आलं नसतं.

"ऑफिसला कळव, आज येत नाही म्हणून," त्या म्हणाल्या. "आधी बँक, मग पोलिसांच्या सायबर शाखेत. मी चप्पल बदलून येते, इथेच थांब."